मैत्री, इस्लाममधील

इस्लामच्या शिकवणीत मैत्री ही केवळ दोन मनांची जुळणी मानलेली नसून ती एक नैतिक बांधिलकी मानलेली आहे. रक्ताच्या नात्यातील वारसाहक्क, पोटगी, पालकत्व इ. कर्तव्ये शरीअतीने (इस्लामी धर्मविधीने) ठरवून दिलेली असून ती काझीमार्फत अमलात आणता येतात. मैत्रीतील कर्तव्यांच्या पाठीशी असे कोणतेही न्यायासन नाही. ती केवळ व्यक्तीच्या निष्ठेवर अवलंबून असतात. म्हणूनच जुन्या स्नेहाचे पालन हा इमानाचा (श्रद्धेचा) एक भाग होय, असे इस्लामी परंपरेत मानले गेले. मैत्री जोडताना पारख करावी. परंतु एकदा जोडलेली मैत्री परिस्थितीतील बदल, मतभेद, मित्राचे स्खलन किंवा त्याचा मृत्यू यांपैकी कोणत्याही कारणाने सोडू नये, हे या शिकवणीचे मुख्य सूत्र आहे. कुराण, हदीस, नीतिग्रंथ व सूफी साहित्य यांतून हे सूत्र विकसित होत गेले. दौलताबाद, खुलदाबाद, श्रीगोंदे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) इ. महाराष्ट्रातील स्थळांशीही त्याचे काही लक्षणीय दाखले निगडित आहेत.

संज्ञा : मैत्रीचे निरनिराळे पदर दर्शविणारे अनेक शब्द अरबी भाषेत आहेत. ‘सदीक’ (मित्र) व ‘सदाकत’ (मैत्री) हे शब्द सत्यवाचक ‘सिद्क’ या शब्दाच्याच धातूपासून बनलेले असून मैत्रीत खरेपणा अभिप्रेत आहे, हे त्यांवरून सूचित होते. ‘साहिब’ म्हणजे सोबती. मुहंमद पैगंबरांचा सहवास लाभलेल्या अनुयायांना ‘सहाबा’ म्हणतात, ते याच अर्थाने. त्याच धातूपासून सहवासवाचक ‘सुहबत’ हा शब्द बनला आणि तोच फार्सीमार्गे मराठीत ‘सोबत’ म्हणून रूढ झाला. ‘खलील’ म्हणजे जिवलग. कुराणात इब्राहीम यांना ईश्वराचा खलील म्हटले आहे (४·१२५). ‘वली’ या शब्दाला निकटवर्ती, पाठीराखा, संरक्षक असे अर्थ असून सूफींच्या परिभाषेत तो ईश्वराच्या मित्राला लावतात. त्याचेच अनेकवचन मराठीत ‘अवलिया’ म्हणून परिचित आहे. ‘उखुव्वत’ म्हणजे बंधुभाव, ‘अहद’ म्हणजे वचन किंवा करार आणि ‘वफा’ म्हणजे त्या वचनाचे पालन. दोस्त, यार, वफादार, कौल, इमान यांसारखे शब्द दीर्घ संपर्कामुळे मराठीत पूर्णपणे रुळले आहेत. त्यांपैकी ‘इमान’ या शब्दाचा अर्थपालट विशेष लक्षणीय आहे. मूळ अरबीत तो ईश्वरावरील श्रद्धा दर्शवितो. मराठीत ‘इमान राखणे’ म्हणजे माणसाशी निष्ठेने वागणे. या दोन अर्थांमधील सांधा हाच इस्लामी मैत्रीविचाराचा गाभा होय.

इस्लामपूर्व पार्श्वभूमी : इस्लामपूर्व अरब समाजात व्यक्तीची सुरक्षितता तिच्या टोळीवर अवलंबून असे. टोळीबाहेरील माणसाशी संबंध जोडण्याचे दोन मार्ग रूढ होते : एक, आश्रय देणे (जिवार) व दुसरा, शपथपूर्वक सख्य करणे (हिल्फ). दिलेला आश्रय किंवा केलेली शपथ मोडणे हे मोठे लांछन मानले जाई. सहाव्या शतकाच्या अखेरीस मक्केतील काही घराण्यांनी अन्यायग्रस्ताला, मग तो परका का असेना, साहाय्य करण्याची शपथ घेतली. ‘हिल्फुल्‌ फुदूल’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तरुण मुहंमद या शपथविधीस उपस्थित होते आणि इस्लामच्या उदयानंतरही त्या शपथेच्या नावाने कोणी हाक मारल्यास आपण ओ देऊ, असे त्यांनी सांगितल्याची परंपरा आहे. जुन्या धर्माच्या काळात दिलेले वचनही, ते न्याय्य असल्यास, नव्या धर्माने रद्द होत नाही, असा या परंपरेचा आशय आहे.

कुराणातील विचार : श्रद्धावंत हे एकमेकांचे बंधू आहेत, असे कुराण सांगते (४९·१०). दिलेल्या वचनाबद्दल माणसाला जाब द्यावा लागेल, असेही त्यात बजावले आहे (१७·३४). मक्केहून मदीनेस जाताना गुहेत लपलेल्या पैगंबरांच्या एकमेव सोबत्याचा कुराणात ‘साहिब’ या शब्दाने उल्लेख येतो (९·४०). हा सोबती म्हणजे अबू बक्र (मृ. ६३४) होत, असे भाष्यकार सांगतात. पैगंबरपदाच्या आधीपासून त्यांचा मुहंमदांशी स्नेह होता. ज्यांच्या घरी संकोच न बाळगता जेवावे अशा आप्तांची एक यादी कुराणात दिलेली आहे. तीत आईवडील, भावंडे, चुलते, मामा, मावशी यांच्या पाठोपाठ मित्राच्या घराचाही निर्देश आहे (२४·६१). मित्राला आप्तांच्या पंक्तीत बसविणारे हे विधान पुढील नीतिकारांनी वारंवार आधारास घेतले.

त्याचबरोबर स्वार्थावर किंवा दुष्कृत्यावर उभारलेल्या मैत्रीबद्दल कुराणात कडक इशारा आहे. न्यायाच्या दिवशी जिवलग मित्र परस्परांचे वैरी होतील, अपवाद फक्त ईश्वराचे भय बाळगणाऱ्यांचा (४३·६७). अमुक माणसाला आपण मित्र केले नसते तर बरे झाले असते, असा पश्चात्ताप करणाऱ्या माणसाचे चित्रही त्यात आढळते (२५·२७–२९). मैत्री किती वर्षे टिकली यापेक्षा ती कशावर टिकली, याला येथे महत्त्व दिलेले दिसते.

मुआखात : मदीनेस आल्यावर (६२२) पैगंबरांनी मक्केहून आलेले निर्वासित (मुहाजिर) व मदीनेतील साहाय्यक (अन्सार) यांच्या जोड्या लावून त्यांच्यात बंधुत्वाचे नाते प्रस्थापित केले. यास ‘मुआखात’ म्हणतात. मदीनेच्या साद इब्न रबी याने आपला मुहाजिर बंधू अब्दुर्रहमान इब्न औफ याला आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमानने त्याला दुवा देऊन केवळ बाजाराची वाट विचारली व व्यापार करून तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. देणाऱ्याचे औदार्य व घेणाऱ्याचा संकोच या दोहोंचा आदर्श म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. प्रारंभी या मानलेल्या भावांना परस्परांचा वारसाहक्कही होता. परंतु पुढे तो रद्द होऊन रक्ताच्या नातेवाइकांकडे गेला (कुराण ८·७५, ३३·६). मित्रांशी भलाईने वागण्याची मुभा मात्र त्याच वेळी राखून ठेवण्यात आली. शरीअतीनुसार मित्र हा वारस ठरत नाही. तथापि मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंतचा भाग मृत्युपत्राने वारसेतर व्यक्तीला, म्हणजेच मित्रालाही, देता येतो. अशा रीतीने मैत्रीचा कायदेशीर अंश जवळजवळ संपला आणि नैतिक अंश तेवढा उरला. पुढील काळातील मैत्रीविषयक चिंतन या नैतिक अंशावरच उभे आहे.

हदीसमधील शिकवण : पैगंबरांच्या उक्ती व कृती यांच्या संग्रहांत (हदीस) मैत्रीसंबंधी विपुल मजकूर आहे. माणूस आपल्या जिवलगाच्या मार्गाने जातो, म्हणून मैत्री कोणाशी करतो हे त्याने पाहावे, असे एका हदीसमध्ये सांगितले आहे. दुसरीत चांगल्या सोबत्याची तुलना कस्तुरी विकणाऱ्याशी व वाईट सोबत्याची लोहाराच्या भात्याशी केलेली आहे; एकाकडून निदान सुगंध तरी मिळतो, दुसऱ्याकडून कपडे जळतात किंवा धूर तरी लागतो. रुसवा धरून तीन दिवसांहून अधिक काळ अबोला ठेवू नये, असा दंडक असून जो आधी सलाम करील तो दोघांत श्रेष्ठ मानला आहे. सलामाला उत्तर देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, आमंत्रण स्वीकारणे, अंत्ययात्रेस जाणे इ. गोष्टी एका मुसलमानाचे दुसऱ्यावरील हक्क म्हणून सांगितल्या आहेत.

जुन्या मैत्रीच्या संदर्भात दोन कथा विशेष महत्त्वाच्या आहेत. पैगंबरांची पहिली पत्नी खदीजा ही ६१९ मध्ये वारली. त्यानंतर अनेक वर्षांनी मदीनेत बकरे कापले, की पैगंबर त्याचे वाटे खदीजेच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत, असे त्यांची पत्नी आयेशा हिने सांगितले आहे. एकदा एका वृद्धेचे त्यांनी विशेष अगत्याने स्वागत केले. ती खदीजेच्या हयातीत घरी येत असे, हे त्याचे कारण सांगून जुन्या संबंधाचे उत्तम पालन हा श्रद्धेचा भाग असल्याचे ते म्हणाले, अशी एक परंपरा आहे. दुसरी कथा खलीफा उमर यांचा मुलगा अब्दुल्लाह (मृ. ६९३) याची. मक्केच्या वाटेवर त्याला एक बदाऊनी भेटला. अब्दुल्लाहने आपले बसावयाचे गाढव व डोक्यावरचे पागोटे त्याला देऊन टाकले. हे लोक थोडक्यात समाधान मानणारे असताना एवढे देण्याचे कारण काय, असे सोबत्यांनी विचारले, तेव्हा या माणसाचा बाप आपल्या वडिलांचा मित्र होता, असे उत्तर त्याने दिले. वडिलांच्या पश्चात त्यांच्या स्नेह्यांशी संबंध राखणे ही पितृसेवेची श्रेष्ठ रीत होय, हे पैगंबरांचे वचनही त्याने सांगितले. या दोन्ही कथांत मैत्रीची मूळ व्यक्ती हयात नाही. परतफेडीची शक्यता संपल्यावरही जे पाळले जाते, तेच मैत्रीचे खरे प्रमाण, असा त्यांचा आशय आहे.

नीतिशास्त्रकारांचे विवेचन : आठव्या शतकात इब्‌नुल्‌ मुकफ्फा याने पंचतंत्रावर आधारलेल्या पेहलवी ग्रंथाचे कलीला व दिम्ना  या नावाने अरबी रूपांतर केले. त्यातील कबूतर, उंदीर, कावळा, कासव व हरिण यांची कथा म्हणजे पंचतंत्रातील ‘मित्रसंप्राप्ति’ हे तंत्र होय. अशा रीतीने मैत्रीविषयक भारतीय विचार अरबी साहित्यात पोहोचला. ग्रीक विचाराचा प्रभावही तितकाच महत्त्वाचा ठरला. लाभ, सुख व सद्‌गुण यांवर आधारलेले ॲरिस्टॉटलचे मैत्रीचे तीन प्रकार इब्न मिस्कवैह (मृ. १०३०) याने स्वीकारले आणि त्यांना इस्लामी आशय दिला. सामुदायिक नमाज, शुक्रवारचा मेळावा, ईद व हज यांमागे माणसांत परस्पर जवळीक निर्माण करण्याचा हेतू आहे, असे त्याने प्रतिपादिले. त्याचाच समकालीन अबू हय्यान अल्‌-तौहीदी (मृ. सु. १०२३) याने मैत्रीवरील वचने व किस्से यांचा एक प्रबंध सु. तीस वर्षे खपून पूर्ण केला. खरे मित्र दुर्मिळ झाल्याची खंत त्याच्या लेखनातून वारंवार प्रकट होते.

या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी अल्‌-गझाली (१०५८–११११) याने इह्या उलूमिद्दीन  या ग्रंथातील एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे. बंधुत्वाचा संबंध हा विवाहासारखा करार असून त्यातून हक्क निर्माण होतात, असे सांगून त्याने मित्राप्रत आठ कर्तव्ये दिली आहेत : (१) संपत्तीत वाटा देणे, (२) मागण्याची वाट न पाहता कामात साहाय्य करणे, (३) त्याचे दोष व गुपिते यांविषयी मौन राखणे, (४) स्नेह शब्दांनी व्यक्त करणे आणि उपदेश करावयाचा तर एकांतात करणे, (५) चुका पोटात घालणे, (६) त्याच्या हयातीत व पश्चात त्याच्यासाठी प्रार्थना करणे, (७) निष्ठा व निखळपणा, (८) त्याच्यावर भार न टाकणे व औपचारिकता (तकल्लुफ) टाळणे. निष्ठेच्या विवेचनात त्याने असे म्हटले आहे, की स्नेह मृत्यूपर्यंत टिकवावा आणि मृत्यूनंतर तो मित्राच्या मुलाबाळांशी व स्नेह्यांशी चालू ठेवावा. पद, संपत्ती वा कीर्ती वाढल्यावर जुन्या मित्राशी वागण्याची रीत बदलणे हा त्याच्या मते क्षुद्रपणा होय.

मित्र पापाचरणाकडे वळल्यास काय करावे, हा या विवेचनातील कळीचा प्रश्न आहे. पैगंबरांच्या अनुयायांतच याबाबत दोन मते होती. ज्या ईश्वरासाठी स्नेह केला त्याच्यासाठीच तो तोडावा, असे अबू झर्र याचे मत. तर मित्र आज वाकडा गेला तरी उद्या सरळ होईल, म्हणून त्याला सोडू नये, असे अबू दर्दा याचे मत. गझालीने दुसऱ्या मताचा पुरस्कार केला. दुराचारी माणसाशी नव्याने मैत्री न करणे योग्यच. परंतु जुळलेली मैत्री ही नातेसंबंधासारखी असते आणि नातेवाईक पापी आहे म्हणून नाते तुटत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. शिवाय, मित्र ज्या वेळी घसरतो त्या वेळीच त्याला मित्राची गरज सर्वांत अधिक असते. कृत्याचा तिटकारा करावा, माणसाचा नव्हे. मैत्री न करण्यात दोष नाही. केलेली मैत्री तोडण्यात आहे, हे तत्त्व त्यातून निष्पन्न होते. मैत्री जितकी जुनी तितके हे बंधन अधिक दृढ मानले जाते.

मर्यादा : निष्ठा म्हणजे अंधपणे पाठराखण करणे नव्हे. सत्याच्या विरुद्ध मित्राला होकार देणे ही निष्ठा नसून विरोध करणे हीच निष्ठा, असे गझाली सांगतो. त्यासाठी त्याने इमाम शाफिई (७६७–८२०) याचे उदाहरण दिले आहे. मुहंमद इब्न अब्दुल्‌ हकम हा शाफिईचा जिव्हाळ्याचा मित्र होता. शाफिईच्या अखेरच्या आजारात त्याच्या अध्यापनमंडळाचा वारस कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा शाफिईने स्नेह बाजूला ठेवून अल्‌-बुवैती या अधिक योग्य शिष्याचे नाव घेतले. मित्रप्रेमातही तोल राखावा, कारण आजचा मित्र उद्या विरोधक होऊ शकतो आणि आजचा विरोधक उद्या मित्र, अशा आशयाचे एक वचन चौथे खलीफा अली यांच्या नावावर सांगितले जाते.

बिगरमुस्लिमांशी मैत्री हा वादाचा विषय ठरलेला आहे. यहुदी व ख्रिस्ती यांना ‘अवलिया’ करू नये, असे कुराणातील एक वचन (५·५१) काही भाष्यकारांनी सर्व प्रकारच्या स्नेहसंबंधांना लागू केले. याउलट, हा शब्द येथे युद्धकालीन पाठीराखे वा राजकीय संरक्षक या अर्थाने आलेला आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. जे धर्मावरून लढले नाहीत व ज्यांनी घरादारांतून हाकलले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास ईश्वर मनाई करीत नाही, हे वचन (६०·८) ते आधारास घेतात. पैगंबरांच्या चरित्रातील मुतइम इब्न अदी याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इस्लाम न स्वीकारलेल्या या मक्केतील सरदाराने ताइफहून परतलेल्या पैगंबरांना आश्रय दिला होता. बद्रच्या लढाईनंतर (६२४) शत्रुपक्षाचे कैदी हाती आले, तेव्हा मुतइम हयात असता व त्याने रदबदली केली असती, तर या सर्वांना त्याच्यासाठी सोडून दिले असते, असे उद्‌गार पैगंबरांनी काढले. जुन्या उपकाराची आठवण येथे धर्मभेद व युद्ध या दोहोंच्या पलीकडे गेलेली दिसते.

सूफी परंपरा व दख्खन : सूफी पंथांत ‘सुहबत’ ही साधनेचे एक अंग मानली जाते. एकाच गुरूचे शिष्य हे परस्परांचे ‘पीरभाई’ असतात. महाराष्ट्राशी संबंधित असा या परंपरेतील प्रसिद्ध दाखला म्हणजे अमीर खुसरौ (१२५३–१३२५) व अमीर हसन सिजझी (मृ. सु. १३३७) या दोन फार्सी कवींची मैत्री. तरुणपणी दोघेही सुलतान बल्बनाचा मुलगा मुहंमद याच्या पदरी मुलतान येथे होते. हा राजपुत्र १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना मारला गेला. त्याच्या मृत्यूवर खुसरौने पद्यात व हसनने गद्यात शोकलेख लिहिला. पुढे दिल्लीत दोघेही निजामुद्दीन अवलिया यांचे शिष्य झाले. त्यांची १३०८ ते १३२२ या काळातील संभाषणे हसनने फवाइदुल्‌ फुआद  या ग्रंथात नोंदवून ठेवली. खुसरौच्या मृत्यूनंतर मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली, त्या काळात वृद्ध हसन दख्खनेत आला व तेथेच वारला. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे, तर खुसरौची दिल्लीस गुरूच्या दर्ग्यात आहे. या दोघांशीही अनेक वर्षे निकटचा स्नेह असलेला इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने आपल्या वृद्धापकाळी, राजाश्रय तुटून विपन्नावस्था आलेली असताना, १३५७ च्या सुमारास तारीख-इ-फिरोझशाही  हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात या दिवंगत मित्रांची आठवण त्याने जिव्हाळ्याने नोंदविली आहे. मृत मित्राचा गुणगौरव हे निष्ठेचे जे अंग नीतिकारांनी सांगितले, त्याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

महाराष्ट्रात या सुहबतीचा धागा संतपरंपरेशीही जुळला. पुणे–सोलापूर मार्गावरील यवत–दौंड परिसरातून भीमा नदी ओलांडली, की श्रीगोंदे तालुक्याची हद्द लागते. योगसंग्राम  या ग्रंथाचा कर्ता संत शेख महंमद हा या श्रीगोंद्याचा. चांद बोधले हे त्याचे गुरू आणि तेच एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू, अशी परंपरा आहे. या परंपरेनुसार शेख महंमद व जनार्दनस्वामी हे भिन्न धर्मांत जन्मलेले गुरुबंधू ठरतात. मालोजी राजे भोसले यांचा शेख महंमदावर लोभ होता व त्यांनी त्याला श्रीगोंद्यास मठ बांधून दिला, असेही परंपरेने सांगितले जाते. त्याचे समाधिस्थान तेथेच आहे.

आधुनिक उदाहरण : श्रीगोंद्याच्या उत्तरेस असलेल्या अहमदनगरच्या किल्ल्यात दीर्घकालीन मैत्रीचा एक विलक्षण ग्रंथ जन्मास आला. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत तत्कालीन काँग्रेसाध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद (१८८८–१९५८) हेही होते. तेथे त्यांनी आपले जुने स्नेही नवाब सदर यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी (१८६७–१९५०) यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. शेरवानी हे अलीगढ जिल्ह्यातील विद्वान जमीनदार व ग्रंथसंग्राहक असून आझादांपेक्षा सु. वीस वर्षांनी वडील होते. पत्रे टपालात पडणार नाहीत, हे आझादांना ठाऊक होते. तरीही पहाटेच्या चहापासून खोलीतील चिमण्यांपर्यंत आणि ईश्वराच्या अस्तित्वापासून संगीतापर्यंत अनेक विषयांवर ते मित्राशी बोलत राहिले. राजकारणाचा विषय मात्र त्यांनी जाणूनबुजून दूर ठेवला. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास त्यांची पत्नी जुलेखा बेगम वारली, तेव्हा ते दुःखही त्यांनी याच मित्रापाशी व्यक्त केले. सुटकेनंतर १९४६ मध्ये ही पत्रे गुबार-ए-खातिर  या नावाने प्रसिद्ध झाली व उर्दू गद्यातील श्रेष्ठ कृतींत त्यांची गणना होऊ लागली. पत्रांतील संबोधन ‘सदीक’ याच शब्दाने सुरू होते. शेरवानींच्या हबीबगंज येथील ग्रंथसंग्रहातील दुर्मिळ हस्तलिखिते आज अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून त्या ग्रंथालयास आझादांचेच नाव दिलेले आहे.

लोकाचार : ही शिकवण नित्याच्या रीतिरिवाजांतही उतरलेली दिसते. हज यात्रेस निघण्यापूर्वी यात्रेकरू नातलगांच्या व जुन्या मित्रांच्या घरी जाऊन ‘कहा-सुना माफ’ म्हणून कळत नकळत झालेल्या अपराधांची क्षमा मागतो व देणी चुकती करतो. माणसाचा माणसावरील हक्क (हुकूकुल्‌ इबाद) हा ज्याचा त्यानेच माफ करावयाचा असतो, ईश्वर तो परस्पर माफ करीत नाही, या समजुतीवर हा रिवाज आधारलेला आहे. ईदच्या दिवशी गळाभेट घेऊन जुने रुसवे मिटविले जातात व शिरखुर्म्यासाठी शेजारी आणि मित्र यांना धर्मभेद न मानता बोलाविण्याची चाल महाराष्ट्रातील गावोगावी आढळते. मित्राच्या दफनाच्या वेळी कबरीवर मूठ मूठ माती टाकणे हे अखेरचे कर्तव्य मानले जाते. अनेक ठिकाणी मृताचे हिंदू स्नेहीही त्यात सहभागी होतात.

नोकरी-व्यवसायानिमित्त होणारी स्थलांतरे आणि धार्मिक-राजकीय तणाव यांमुळे आधुनिक काळात दीर्घकालीन मैत्रीवर ताण पडतो. अशा प्रसंगी दोन जमातींमधील व्यापक प्रश्न दोन मित्रांच्या संबंधांवर लादले जाण्याचा धोका असतो. त्यावर इस्लामी परंपरेने दिलेले उत्तर जुनेच आहे : मैत्री हा दोन व्यक्तींमधील अहद असून तो पाळण्याची जबाबदारी त्या दोघांची आहे, जमातीचा राग वा लोभ त्याला मोडू शकत नाही. मुतइमच्या उपकाराची युद्धानंतर ठेवलेली आठवण आणि खदीजेच्या मैत्रिणींना तिच्या पश्चात वर्षानुवर्षे मिळत राहिलेला वाटा ही त्याची प्रमाणे म्हणून या परंपरेत मानली जातात.